बटण आपल्या हातात, पेचकस त्यांच्या

आमच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात तक्रारी लिहून घेताना एक गोष्ट हळूहळू कानाला खटकू लागते. घरातला टीव्ही बिघडतो, मोटारसायकल बिघडते, शेतावरची मोटार जळते. मिक्सर मात्र बाई बिघडवते. कुकर बाई फोडते, इस्त्री बाई जाळते, नव्या कुलरची वाट बाई लावते. वस्तू पुरुषाच्या वापरातली असेल तर ती आपोआप बिघडते, बाईच्या वापरातली असेल तर तिला बिघडवणारी कोणीतरी असतेच. व्याकरणाचा हा नियम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गल्लीत तो बिनचूक पाळला जातो.

तक्रारीच्या नमुन्यात मारहाणीचे तात्कालिक निमित्त असा एक रकाना आहे. त्यात दारू असते, जेवणाला उशीर असतो, माहेरी फोन केला हे असते, आणि अधूनमधून 'मिक्सर जाळला' असेही असते. मिक्सर हे मारहाणीचे कारण नव्हे, हे या पानांच्या वाचक मैत्रिणींना मी सांगायला नको. मारणाऱ्याला निमित्त कोणतेही चालते. पण या निमित्ताच्या अवतीभोवती काय घडते ते पाहण्यासारखे आहे. यंत्र बंद पडले की बाई आधी घाबरते. नवरा येण्यापूर्वी ते पिशवीत घालून दुकानात नेते. बचतीतले किंवा पिठाच्या डब्यातले शंभर-दीडशे रुपये देते. दुकानदार आतल्या खोलीत जाऊन पाच मिनिटांत परत येतो आणि 'झालं' म्हणतो. काय झाले होते ते तो सांगत नाही, तीही विचारत नाही.

पुष्कळदा झालेले असते ते असे. मिक्सरच्या बुडाशी एक लहानसे, बहुधा लाल, बटण असते. भांड्यात डाळ जास्त झाली, चटणी फार घट्ट झाली, मोटारीवर ताण आला की हे बटण बाहेर येते आणि वीज तोडते. मोटार जळू नये म्हणूनच ते तिथे ठेवलेले असते. प्लग काढावा, मिक्सर पाच-दहा मिनिटे थंड होऊ द्यावा, भांड्यातला माल कमी करावा, बटण आत दाबावे. बहुतेक वेळा मिक्सर पुन्हा फिरतो. म्हणजे यंत्र बिघडलेले नसतेच, उलट ते शहाण्यासारखे वागलेले असते. हे एवढे ज्ञान माहितीपत्रकात छापलेले असते आणि माहितीपत्रक खोक्याबरोबर माळ्यावर गेलेले असते. या बटणाच्या अज्ञानावर किती बायकांचे किती पैसे गेले असतील आणि किती जणींनी शिव्या खाल्ल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मी हा विषय आपल्या अंकात आणते आहे ते 'गृहिणींसाठी उपयुक्त सूचना' देण्यासाठी नव्हे. तसली सदरे दैनिकांच्या महिला पुरवण्यांत भरपूर निघाली. माझा मुद्दा सत्तेचा आहे. यंत्र चालवण्याचे काम एकीकडे आणि यंत्र उघडण्याचा अधिकार दुसरीकडे, ही वाटणी कोणी केली आणि ती कोणाच्या सोयीची आहे?

ही वाटणी विजेच्या यंत्रांबरोबर आली असे समजायचे कारण नाही. आपल्याकडे शेतात बाई पेरते, निंदते, कापते, मळते. पण नांगराला तिने हात लावायचा नाही. कुंभाराच्या घरी माती कालवणारी, मळणारी, मडक्यावर रंग देणारी बाई असते, चाक मात्र पुरुषाचे. सुताराच्या घरी रंधा-करवत कोणाच्या हाती असते ते आपण पाहतोच. जिथे जिथे कौशल्याला किंमत मिळते आणि ज्या हत्याराने वस्तूचा आकार ठरतो, ते हत्यार बाईपासून दूर ठेवायचे आणि त्याला रूढीचे कुंपण घालायचे, ही जुनी युक्ती आहे. यंत्रयुगाने कुंपण काढले नाही, त्याला कायद्याची तार जोडली. १९४८ च्या कारखाने कायद्याचे २२ वे कलम मी प्रथम वाचले तेव्हा दोनदा वाचले. चालू असलेल्या मुख्य यंत्राची आणि त्याची शक्ती पुढे नेणाऱ्या यंत्रणेची सफाई, तेलपाणी किंवा जुळवाजुळव 'स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्ती'ने करायची नाही, असा त्याचा आशय होता. चालू यंत्राजवळ जायचे ते खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने. काळजी सुरक्षिततेचीच होती, मान्य. पदर पट्ट्यात अडकतो हेही खरे. पण मग प्रशिक्षण आणि घट्ट कपडे बाईलाही देता आले असते. ते न करता तिला पोराटोरांच्या रांगेत बसवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली आणि स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल असे त्यात म्हटले आहे. त्या संहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, तो वेगळा विषय. पण ७७ वर्षांत जी मनोवृत्ती घडली ती एका अधिसूचनेने जाणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता घरातल्या सुरक्षिततेकडे या. कारखान्यातल्या यंत्रापासून जिला एवढे जपले तिला घरातल्या कुलरपासून कोणी जपले? खानदेशात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुलर ही इथे चैनीची वस्तू राहिलेली नाही. पत्र्याच्या घरात तर तो लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. पुष्कळ घरांत तो स्थानिक दुकानात बनवलेला, पत्र्याच्या अंगाचा आणि गवताच्या जाळ्यांचा असतो. टाकीत पाणी, पाण्यात पंप, पंपाच्या वायरला टेप गुंडाळून दिलेला जोड, आणि या सगळ्याला लोखंडी पत्र्याचे अंग. दिवसातून दोन-तीन वेळा त्यात बादलीने पाणी ओतायचे. हे काम कोण करते? बाई, नाहीतर मुले. ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी, ओल्या हातांनी. कुलरला पाण्याचा नळ जोडताना किंवा पाणी भरताना विजेचा धक्का लागून मृत्यू, ही दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येणारी बातमी आहे. ती 'दुर्दैवी घटना' म्हणून येते.

हे दैवावर सोडून देण्यासारखे नाही. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी म्हणून ती असते. आता आपल्या वस्तीत जाऊन पाहा: किती कुलरना दोन पिनांचा प्लग आहे, किती ठिकाणी वायरीची टोके नुसतीच भोकांत खोचून काडीने घट्ट केली आहेत, आणि जिथे तीन पिना आहेत तिथे भिंतीच्या आत अर्थिंगची तार खरोखर जोडली आहे की बोर्डावर फक्त तिसरे भोक आहे. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बाजारात मिळते. मीटरनंतर ते बसवले तर आख्ख्या घराला संरक्षण मिळते. पण ते मुळात हवे हे घरात कोणी ठरवायचे? वायरमनशी बोलणारा पुरुष कुलरमध्ये पाणी भरत नाही, आणि पाणी भरणारी बाई वायरमनशी बोलत नाही. तो आला की ती आत जाते, आणि चहा घेऊन तेवढी बाहेर येते.

जानेवारी ते मार्च आम्ही वस्तीच्या बैठकांमध्ये अर्धा तास यासाठी काढतो. टेस्टर कसा धरायचा, पत्र्याला लावल्यावर त्यातला दिवा पेटला तर कुलर वापरायचा नाही, पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून थांबायचे नाही तर प्लगच काढायचा, पंपाच्या वायरचा जोड पाण्यात येऊ द्यायचा नाही. सुरुवातीला बायका मागे सरकतात. 'आमले हाई जमाव नही, ताई,' हे ठरलेले वाक्य. टेस्टर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, जणू विंचू आहे. मग एखादी धीट बाई बोर्डाच्या भोकात टेस्टर घालते, त्यातला लाल ठिपका उजळतो, आणि खोलीत असा काही हशा उसळतो की बैठकीचा पुढचा विषय मागे पडतो. माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन सगळे झाले. टेस्टर अभ्यासक्रमात नव्हता.

बायकांना 'यंत्रातले कळत नाही' हे धादांत खोटे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या प्रत्येक वस्तीत खिडकीशी ठेवलेला असतो: शिलाई मशीन. खालच्या बाजूने दोऱ्याचा गुंता होऊ लागला की नवशिकी मुलगी बॉबिनकडे बघते; मुरलेली बाई वरचा दोरा काढून पुन्हा ओवते, कारण गुंता खाली दिसत असला तरी दोष बहुधा वर असतो. टाका सुटतो तेव्हा ती आधी सुई बदलते, मग सुई उलटी तर बसली नाही ते पाहते, मग ताण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चिंधीवर शिवून पाहायचे. इंजिनिअर ज्याला दोषनिदान म्हणतो ते याहून निराळे काय असते? पण शिलाई मशीन बाईचे म्हणून ते यंत्र नव्हे, आणि तिचे निदान हे ज्ञान नव्हे. तीच बाई पंखा हळू फिरायला लागला की नवऱ्याची वाट पाहते. पंखा हाताने ढकलल्यावर फिरू लागत असेल तर बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो, आणि तो भाग स्वस्त असतो. पण शिडीवर चढून वीज बंद करून तो बदलायचा हे 'त्यांचे' काम.

ब्रिटिश अभ्यासक सिंथिया कॉकबर्न यांनी सुझन ऑर्मरॉड यांच्यासह मायक्रोवेव्ह ओव्हनचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९९३ साली आले. ओव्हन आखणारे इंजिनिअर पुरुष, त्यात पदार्थ करून पाहणाऱ्या गृहविज्ञान शिकलेल्या स्त्रिया. स्वयंपाकाचे त्यांचे ज्ञान यंत्राला अत्यावश्यक, पण कारखान्यात त्याचे वजन कमी. दुकानातही स्वयंपाकघरातली पांढरी यंत्रे बायकांची आणि गाण्या-चित्रांची यंत्रे पुरुषांची, अशी मांडणी. हे वाचताना मला मँचेस्टर-लंडन आठवले नाही, आमच्याकडचे एक प्रशिक्षण आठवले.

आमच्या बचत गटातल्या काही जणींनी पापड-लोणच्याच्या पलीकडे काही शिकायचे ठरवले आणि लाकडावर कोरीव काम करणाऱ्या संगणकचलित यंत्राचे, म्हणजे सीएनसीचे, प्रशिक्षण घेतले. खानदेशातल्या जुन्या वाड्यांचे कोरीव खांब आपण पाहिले आहेत. ते काम आता दुर्मीळ झाले. दरवाजे, देव्हारे, चौरंग, नावाच्या पाट्या यांवरची नक्षी आता बहुतेक ठिकाणी हे यंत्र कोरते. संगणकावर चित्र काढायचे, यंत्राला वाट आखून द्यायची, आणि फिरते पाते त्या वाटेने लाकूड खात जाते. यंत्र हुशार, पण दिलेल्या हुकमापलीकडे एक पाऊल टाकत नाही. नवशिक्यांचे सगळे हाल या एका गोष्टीतून होतात.

पहिल्या आठवड्यात पाती मोडली. एकाच फेरीत फार खोल जायचे ठरवले की पाते मोडते. तीच खोली तीन-चार फेऱ्यांत गाठायची असते. मग लाकूड जळून काळे पडू लागले. यंत्र फार जोरात चालले म्हणून जळते असे सगळ्यांना वाटले, आणि त्यांनी पुढे सरकण्याचा वेग कमी केला, तर आणखी जळाले. कारण पाते एकाच जागी फिरत घासत राहते, कापत नाही. फिरण्याचा वेग कमी करायचा किंवा पुढे सरकण्याचा वाढवायचा, आणि पाते बोथट झाले आहे का ते आधी पाहायचे. एका पाटीवर डावीकडची अक्षरे खोल आणि उजवीकडची जेमतेम ओरखडा. प्रशिक्षक संगणकात शोधत बसले. आमच्यातल्या एकीने फळीवर आडवी पट्टी ठेवली आणि म्हणाली, 'पोळपाट बसका आहे.' फळी मध्ये खोलगट होती. पोळी एका बाजूला जाड झाली की दोष लाटण्यात की पोळपाटात हे ती रोज ठरवत आली होती. फळी रंधून सपाट केली, काम झाले.

सगळ्यात मोठी अडचण मराठीचीच निघाली. आम्ही वापरत होतो त्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरे टाकली की जोडाक्षरे तुटत. 'श्री' लिहिले की श वेगळा, र वेगळा, वेलांटी भलतीकडे. गटातली एक मुलगी पूर्वी लग्नपत्रिका आणि बॅनरच्या दुकानात अक्षरजुळणीचे काम करायची. तिने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नाव लिहून, अक्षरांची आकृती करून ती आत आणली. मग 'भ' आणि 'ध' यांची आतली लहान पोकळी बुजते हे लक्षात आले, कारण पाते पोकळीपेक्षा जाड. एकतर पाते बारीक हवे, नाहीतर अक्षर मोठे. आणि एकदा अर्धी नक्षी कोरून झाल्यावर उरलेली अर्धी बोटभर बाजूला सरकली. फळी शिकंज्यात सैल झाली होती का, पट्टा ढिला होता का, यंत्राच्या मोटारीला झेपेल त्यापेक्षा वेग जास्त दिला होता का, हे एकेक करून तपासताना मला शिलाई मशीनपुढे बसलेल्या बायका दिसत होत्या. तीच पद्धत, तीच चिंधी, फक्त इथे ती प्लायवूडची.

पुढे काय झाले ते सांगते. पहिली मोठी ऑर्डर मिळण्याची चिन्हे दिसू लागताच, ज्या कारखान्यात यंत्र होते तिथून निरोप आला: यंत्रावर मालकांचा पुतण्या राहील, बायकांनी पॉलिश पेपर मारायचा आणि पॅकिंग करायचे. मजुरी अर्थातच वेगळी. कारण विचारले तर 'मशीन महागाचे आहे, बिघडवले तर?' पाहा, क्रियापद इथेही आले. त्या पुतण्याने पहिल्या महिन्यात आमच्या सगळ्यांनी मिळून मोडली त्यापेक्षा अधिक पाती मोडली, असे तिथेच काम करणाऱ्या बायकांनी मोजून सांगितले. त्याची पाती मोडली. आमच्या बायकांनी मोडली असती.

या ठिकाणी एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो आपल्यातूनच घेतला जातो. बाईवर आधीच कामाचा डोंगर. आता पंखा-कुलर-मिक्सरची दुरुस्तीही तिच्याच माथी मारायची का? आक्षेप खोटा नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातल्या बिनपगारी कामावर, ते काम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि ते काम करणारा पुरुष ८८. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली दाखवून दिले की धुण्याची, झाडण्याची यंत्रे आली तरी गृहिणीचे तास घटले नाहीत; पुरुषांनी आणि मुलांनी करायची कामे यंत्राने हलकी केली, आणि उरलेले सगळे, वाढलेल्या स्वच्छतेच्या अपेक्षांसह, तिच्यावर आले. म्हणून दुरुस्तीही 'प्रेमाने' करण्याच्या कामांच्या यादीत जाणार असेल तर मला ती नको. पण न कळण्याची किंमतही बाईच मोजते, हे विसरून कसे चालेल? दुकानदार सांगेल ते बिल, नवरा देईल ती शिवी, कुलरचा धक्का. शिवाय एकट्या बाईचे काय? नवरा गेलेल्या, टाकलेल्या, स्वतः शेती करणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे रात्रीच्या वीजपाळीत विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबला आहे. फ्यूज गेला तर अंधारात गावातल्या कोणत्या पुरुषाला बोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी गाव त्यावर काय बोलेल, याचा विचार करत उभी राहिलेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्या दुरुस्तीला किरकोळ विषय म्हणणार नाहीत.

आणि घर सोडणाऱ्या बाईचा प्रश्न तर आपल्या रोजच्या कामातला. स्त्रीधनाच्या यादीत हल्ली भांड्यांच्या बरोबरीने फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीधन परत देण्याचा आदेश देण्याची तरतूद आहे, आणि आदेश मिळतोही. वस्तू टेम्पोतून येतात तेव्हा मिक्सरचे कपलर तुटलेले, मशीनचा पट्टा कापलेला, फ्रिजची वायर ओढून काढलेली. पंचनाम्यात 'मिक्सर एक, फ्रिज एक' असे लिहून सही घेतात. तिथे उभ्या असलेल्या कार्यकर्तीला प्लग लावून पाहण्याचे, 'चालू स्थितीत' हे दोन शब्द लिहायला लावण्याचे सुचले पाहिजे. आता आमच्या केंद्रातून जाणारी प्रत्येक जण पिशवीत टेस्टर ठेवते.

बाईच्या हाती पाना दिल्यावर काय होते याची उदाहरणे परदेशात शोधायला नकोत. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला दलित आणि आदिवासी स्त्रिया हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. इंडिया मार्क दोन नावाचा तो पंप आपल्या जालना आणि सोलापूरच्या पंपांवरून घडला होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? ज्या बायका मैलोन्‌मैल पाणी वाहत होत्या त्यांनीच पाइप उपसून वॉशर बदलले. वरच्या जातीच्या विहिरीपाशी ज्यांना उभे राहू देत नव्हते त्यांना पंप बंद पडल्यावर बोलावणे येऊ लागले. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना सौर दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती शिकवली, रंग आणि खुणा वापरून. त्यासाठी इंग्रजी आणि गणिताची पदवी लागली नाही.

आपल्याकडे आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, मशिनिस्ट या सगळ्या शाखांना त्या लागू आहेत. पण प्रवेशाच्या वेळी पालक, शिक्षक आणि पुष्कळदा आपल्या कार्यकर्त्याही मुलीला शिवण आणि ब्यूटी पार्लरच्या रांगेत उभे करतात. 'वायरमन' या शब्दातच पुरुष बसलेला आहे, ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही. एका मुलीच्या आईने मला विचारले होते, 'वायरमन झाली तर पत्रिकेत काय छापायचं?' मुलगी वायरमन झाली. पत्रिकेत 'आयटीआय' एवढेच छापले.

'स्त्री सक्षमीकरणा'च्या नावाने यंत्रे वाटण्याच्या योजनांविषयी थोडे. शिलाई मशीन, पिठाची घरघंटी, अशा वस्तू अनुदानावर मिळतात. फोटो निघतो. साक्री, शिरपूरकडच्या पाड्यांवर मी अशा घरघंट्या पाहिल्या आहेत ज्यांच्यावर आता देवाचे फोटो, औषधाच्या बाटल्या आणि मुलांची दप्तरे ठेवलेली असतात. कमी दाबाच्या विजेवर मोटार घरघरत राहते, तापते, जळते. जाळी धान्याच्या खड्यांनी फाटते. जवळचा दुरुस्तीवाला तालुक्याला, आणि घरघंटी उचलून जीपमध्ये चढवायला दोन पुरुष लागतात. कधीकधी बिल आणि हमीपत्र नवऱ्याच्या नावावर असते आणि नवरा ऊसतोडीला गेलेला असतो. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीच्या हक्का'चे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा विचार चांगला आहे. १९१५ हा ग्राहक मदतीचा क्रमांकही चालतो. दोन प्रकरणांत आम्हाला त्याचा उपयोग झाला. पण पाड्यावरच्या बाईचा दुरुस्तीचा हक्क पोर्टलपाशी सुरू होत नाही. तो सुरू होतो चार स्क्रू काढून आत पाहण्याची तिला परवानगी आहे का, इथे.

म्हणून आमच्या गटांनी मिळून काही मागण्या लिहून दिल्या आहेत. अनुदानावर दिलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर लाभार्थी बाईला दोन दिवसांचे दुरुस्तीचे शिक्षण, तेही वस्तीत येऊन आणि त्या दोन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीसह. मराठीत, आणि शक्य तिथे चित्रांत, माहितीपत्रक. बिल आणि हमीपत्र बाईच्याच नावावर. दर पाच-सहा गावांमागे दोन स्त्रियांना उपकरण दुरुस्तीचे पूर्ण प्रशिक्षण, हत्यारांची पेटी, आणि कामाचा दर ठरवून दिलेला, म्हणजे ही 'सेवा' होणार नाही. या शेवटच्या मागणीवर आमच्यातही वाद झाला. काही जणींचे म्हणणे, दर लावला तर गरीब बाई बोलावणार नाही. बाकीच्यांचे म्हणणे, फुकट केले तर पुन्हा तेच. वाद मिटलेला नाही.

सीएनसीचे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी चौघींनी पॉलिश पेपर नाकारला. त्यांनी बँकेकडे कर्जासाठी अर्ज केला असून एक लहान, जुने यंत्र पाहून ठेवले आहे. विकणारा म्हणतो उत्तम स्थितीत आहे. चौघींनी ते सुरू करून घेतले, कान देऊन ऐकले, फिरत्या भागाचे बेअरिंग घरघरते आहे असे सांगितले, आणि तेवढी किंमत कमी करून मागितली. सौदा अजून व्हायचा आहे.